एका शिटीतलं गाऱ्हाणं

कोरगावच्या सखाराम परबाला कुणी वेळ विचारली, तर तो आधी घड्याळ कुणी दिलं ते सांगायचा. घड्याळ मेव्हण्याने, म्हणजे बायकोच्या भावाने दिलं, मेव्हण्याचा तेव्हा डिचोलीकडे खाणीवर ट्रक होता, खाण बंद पडल्यावर त्याने ट्रक विकला, ट्रक घेणारा बांद्याचा होता आणि त्याला एक डोळा बारीक करून बोलायची खोड होती. एवढं होईपर्यंत विचारणाऱ्याची पेडण्याची बस वळणाआड गेलेली असायची. त्यामुळे सखारामाला वेळ कुणी विचारत नसे. त्याच्या पोसऱ्यावर, म्हणजे किराणा दुकानावर, गिऱ्हाईक यायचं ते वस्तूचं नाव घेऊन तोंड घट्ट मिटायचं. पुढे एक शब्द बोललं की दुपार गेलीच.

पण हीच खोड देवळात गेली की तिचं सोनं व्हायचं. सखाराम गावाचं गाऱ्हाणं घालायचा. आमच्या पेडणे महालात नवी विहीर खणायची असो, नवी स्कूटर घ्यायची असो किंवा पोराला नोकरीची मुलाखत असो, आधी देवासमोर नारळ ठेवून सगळी हकीकत देवाच्या कानावर घालावी लागते. घालणारा एकटा बोलतो, आणि प्रत्येक वाक्य 'रे म्हाराजा'वर आणून थांबला की जमलेली मंडळी एका सुरात 'व्हय म्हाराजा!' म्हणतात. हे म्हणायला कुणी शिकवत नाही. अंगणात रांगणारं पोरही म्हणतं.

सखारामाचा एकच नियम होता: "देवाक अर्धा सांगान चालना नाय." बाबली नाईकाने नवा पंप बसवला तेव्हा सखारामाने गाऱ्हाण्यात सांगितलं की पंप जुना आहे, वरून रंग मारलाय, आणि बाबलीने सासरी मात्र कोरा म्हणून सांगितलंय, तर देवा, तो चालू राहूदे. बाबलीचा सासरा तिथेच हात जोडून उभा होता. तोही सवयीने 'व्हय म्हाराजा' म्हणाला आणि मग त्याने डोळे उघडले. बाबली वर्षभर सखारामाशी बोलला नाही. पंप मात्र अजून चालतो.

सखारामाची बहीण जानकी डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला दिलेली. तिची मुलगी सेजल जन्मापासून आंधळी. पोर लहान असताना सखाराम तिला खांद्यावर बसवून पेडण्याच्या पुनवेला न्यायचा आणि सगळी जत्रा तोंडाने दाखवायचा. देवाचे सजवलेले उंच दांडे, ती तरंगं, कशी डोलतात, कुठल्या बाईने कुठल्या रंगाचं लुगडं नेसलंय, खाज्याच्या दुकानात माश्या किती आहेत. मध्येच गाऱ्हाण्यासारखा थांबायचा, आणि खांद्यावरून बारीक आवाज यायचा, "व्हय म्हाराजा!" सखारामाला पोटची पोर नव्हती. त्या बारीक आवाजासाठी तो नार्व्याहून पेडण्यापर्यंत चालत आला असता.

मग सेजल मोठी झाली, कॉलेजात गेली, आणि 'व्हय म्हाराजा' बंद झालं. आता ती म्हणायची, "मामा, मुद्द्यार ये."

पणजीच्या एका विद्यापीठाचा गोव्याच्या इतिहासाचा अभ्यासक्रम तिने घेतला. सगळं ऑनलाइन. घरबसल्या शिकायचं, घरबसल्या परीक्षा द्यायची. नार्व्याला नदीकाठी नेटवर्क पाहुण्यासारखं यायचं आणि पाहुण्यासारखंच जेवणाआधी निघून जायचं, म्हणून ती वर्षभरासाठी मामाकडे राहायला आली. हा पेपर सुटला की तिला बीएडला प्रवेश मिळणार होता. तिला शाळेत इतिहास शिकवायचा होता, आणि हे तिने दहावीपासून इतक्यांदा सांगितलं होतं की कोरगावात पाव विकत फिरणाऱ्या पदेरालाही ते पाठ झालं होतं.

सेजलचा लॅपटॉप पडद्यावरचं सगळं वाचून दाखवायचा, तेही इतक्या वेगाने की पहिल्या दिवशी सखारामाच्या बायकोने, कमलाक्षीने, त्याच्यावरून मीठ-मिरची ओवाळून टाकली. पण विद्यापीठाची वेबसाइट उघडली की त्या वाचणाऱ्या यंत्राची बोबडी वळायची. "बटण. बटण. बटण. चित्र. चित्र. नाव नाही." कुठलं बटण कशाचं, ते बटण बनवणाऱ्याने लिहिलेलंच नव्हतं. एकदा सेजलने अंदाजाने एक दाबलं आणि ती मत्स्यपालनाच्या वर्गात दाखल झाली. तिला अजूनही कोळंबीच्या आरोग्याबद्दल निरोप येतात.

त्याहून मोठा तमाशा रोज सकाळी दारातच व्हायचा. आत जायच्या आधी वेबसाइट विचारायची, तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा, आणि सिग्नल असलेले चौकोन निवडा. हे काम मामाकडे आलं. आता कोरगावात सिग्नल कुठला? सखाराम चष्मा पुसून बसायचा.

"हो खांबो दिसता. खांबो सिग्नलाचो धरूचो काय?"

"खांबो वीज खात्याचो," बाबली पिशवी काउंटरवर ठेवून म्हणायचा. सासऱ्याचं प्रकरण आता जुनं झालं होतं.

"दिवो आसा मरे तेका!"

"मगे दिव्याचो चौकोन दाब, खांब्याक हात लाव नको."

असा वाद रंगेपर्यंत वेळ संपायची आणि वेबसाइट नव्याने मोटारसायकली दाखवायची. सेजल डोकं धरून बसायची. "मामा, माका यंत्र वाचून दाखयता, आनी ता माकाच इचारता, तू यंत्र मगो?"

शेवटी तिने विद्यापीठाला फोन लावला, मग पुन्हा लावला, मग रोज लावायला लागली. पलीकडे गौरेश होता. मांद्र्याचा मुलगा, घरचं गेस्टहाउस सोडून संगणक शिकलेला, आणि विद्यापीठाची अख्खी वेबसाइट त्याच्या एकट्याच्या गळ्यात. मुलगा भला होता. त्याने सिग्नल काढून टाकले, बटणांना नावं दिली. पण चित्रांपाशी अडला.

"प्रत्येक चित्रात काय आहे हे कुणीतरी सांगायला हवं," तो म्हणाला. "लिहून मिळालं तर उत्तम, नाहीतर बोलून. प्राध्यापक तपासून देतील, पण सांगत बसायला त्यांना वेळ नाही. माझ्याकडे माणूस नाही."

"माणूस माझ्याकडे आहे," सेजल म्हणाली. "तो थांबवायला माणूस नाही, एवढंच."

सखारामाला हे सांगितलं तेव्हा त्याने पोसऱ्याला कुलूप लावलं, आंघोळ केली आणि धुतलेला सदरा घातला. जन्मभर लोकांनी त्याला 'पुरे' म्हटलं होतं. आता पणजीचं विद्यापीठ त्याला 'सांग' म्हणत होतं. गौरेशने पाठवलेलं पहिलं चित्र होतं एका पोर्तुगीज अधिकाऱ्याचं. सखारामाने मोबाइल समोर ठेवला, हात जोडले आणि सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या कोरगावच्या पोसऱ्यात तुजा लेकरू सखाराम उभा रवान सांगता, की ह्या चित्रात एक सायब आसा. सायबान टोपी घातल्यान हा, टोपयेक पीस आसा, पीस कोंब्याचा काय मोराचा ता तुका ठाऊक. तोंड बघल्यार पोट साफ नसल्यासारखो दिसता. तेका बरा वाटांदे, आनी तेच्या पायांकडे जो कुत्रो उपाशी बसलोहा, तेका कोणाच्या तरी हातान दोन घास पडांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आतून कमलाक्षी म्हणाली. बाहेर कुलपापाशी उभी असलेली गिऱ्हाइकंही म्हणाली. सगळं रेकॉर्ड झालं.

खाणींतून किती माल परदेशी गेला याचा आलेख आला, तेव्हा तर सखाराम खुलला. "ही रेघ वर चडता, हय माजो मेवणो ट्रक घेता. हय रेघ अजून चडता, हय तो बहिणीक बांगड्यो करता. आनी हय रेघ धाडकन पडता, हय तो ट्रक विकता आनी माका घड्याळ दिता रे म्हाराजा!" बाबलीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचाही ट्रक त्याच रेघेवरून पडला होता.

संध्याकाळी सेजलने सगळी रेकॉर्डिंगं ऐकली. ऐकताना ती दोनदा हसली, मग तिने पहिलं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. "मामा, त्या सायबाच्या हातात काय आसा?"

"हातात?"

"परीक्षेत इचारतले. तू पीस सांगितलंस, पोट सांगितलंस, कुत्रो सांगितलंस. हात सांगूकच नाय."

सखारामाने चित्र पुन्हा पाहिलं. हातात गुंडाळलेला नकाशा होता. चांगला लांबलचक होता, दिसायला हवा होता.

"मामा, चित्रात काय आसा ता माका व्हया. तेचा पुढे काय बरा जावक व्हया, ता नको." ती हे रागाने म्हणाली नाही, आणि म्हणूनच त्याला ते जास्त लागलं. त्या रात्री तो नीट जेवला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो दुकानात वस्तू देऊन नुसती मान हलवायला लागला. गिऱ्हाइकं घाबरली. एका म्हातारीने कमलाक्षीला बाजूला घेऊन विचारलं, घोवाला डॉक्टरकडे नेलंस काय?

वाट काढली ती कमलाक्षीनेच. तिने कुकर चुलीवर ठेवला आणि नवऱ्याला समोर बसवलं. "अवो, एक शिटी होयपर्यंत चित्र सांगून संपवचा. शिटी झाली की तोंड बंद."

"एका शिटीत खयचा चित्र सांगून होता?"

"माजो भात होता. तुमचा चित्र कित्याक होवचा नाय?"

पहिली शिट्टी झाली तेव्हा सखाराम टोपीच्या पिसावरच होता. दुसऱ्यांदा तो कुत्र्यापर्यंत पोचला, पण हात पुन्हा राहिले. घरात त्या आठवड्यात सगळ्यांनी भाताची पेज खाल्ली, डाळीचं पाणी प्यायलं आणि बटाट्याचा काय झाला होता तो पदार्थही खाल्ला. शेजारी विचारायला आले की एवढ्या शिट्ट्या कसल्या, पाहुणे आलेत काय. पण एक दिवस सखाराम उठून उभा राहिला आणि शाळेत धडा म्हणावा तसं म्हणाला, "टोपी घातलेला अधिकारी उभा आहे. उजव्या हातात गुंडाळलेला नकाशा. पायाशी कुत्रा." मग तो थांबला. कुकर अजून नुसता फुसफुसत होता. शिट्टी झाली तेव्हा सेजलने टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून चित्रं भराभर व्हायला लागली. किल्ले, नाणी, नकाशे, तहाचे कागद. गौरेश ती चढवायचा, प्राध्यापक तपासायचे, आणि गोव्यातल्या सगळ्या दृष्टिहीन विद्यार्थ्यांना चित्रापाशी 'वर्णन ऐका' असं बटण मिळालं. साखळीच्या एका मुलाने कळवलं, आवाज चांगला आहे, फक्त मागे सारखा कुकर फुसफुसतो. सखाराम खूश होता. पण 'म्हाराजा' शिवाय बोलणं त्याला उघड्या अंगाने बाजारात गेल्यासारखं वाटायचं.

आणि मग नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचं चित्र आलं.

सखाराम मोबाइलसमोर बसला आणि उठला. पुन्हा बसला. कमलाक्षीने कुकर ठेवला, त्याने तो उतरवायला लावला.

"सेजल, हो देव आसा गो. तुज्या गावचो. देवाच्या तोंडार मी 'घुमट ठेंगणा आहे' म्हणान उटान कसो जाव?"

सेजलला खरं तर 'नाही' म्हणायचं होतं. पण मामा कधी नव्हे ते परवानगी मागत होता, आणि देऊळ तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावरचं होतं. "एकच हां, मामा," ती म्हणाली. "आनी घुमट, दीपमाळ, छप्पर, सगळां येवक व्हया." सखारामाने आंघोळ केली, सदरा घातला आणि गाऱ्हाणं घातलं. त्यात सगळं आलं. प्राध्यापकांनी तपासलं, माहिती बरोबर म्हणून पास केलं. गौरेशने चढवलं.

परीक्षेचा दिवस उजाडला. नियम कडक होते. लॅपटॉपचा कॅमेरा चालू, खोलीत दुसरं माणूस नको, कानात काही नको, कारण यंत्र काय वाचतं ते परीक्षकालाही ऐकू आलं पाहिजे. आणि विद्यापीठाने एक प्रणाली बसवलेली, ती खोलीतले आवाज ऐकायची. परक्या माणसाचा आवाज आला की लाल खूण.

सखारामाने जय्यत तयारी केली. घर आणि पोसरो यांत एकच पातळ भिंत, म्हणून त्याने पुठ्ठ्यावर लिहून टांगलं: 'आज परीक्षा. बोलू नये. सामान खुणेने मागावे.' कोरगावच्या लोकांनी हे मनावर घेतलं. एका बाईने डोक्याला हात चोळून तेल मागितलं, तिला साबण मिळाला, तो तिने मुकाट्याने नेला. बाबलीला जिरं हवं होतं. तो कितीतरी वेळ बोटांची चिमूट करून नाचवत होता. पदेर आला तो भोंगा कापडात गुंडाळून आला आणि पाव काउंटरवर ठेवून, पायांच्या चवड्यांवर उभा राहिला. कमलाक्षीने फोडणीसुद्धा दिली नाही. अख्खं घर श्वास धरून होतं, आणि भिंतीपलीकडे सेजलची बोटं कीबोर्डवर टकटक करत होती. ते ऐकून सखारामाला वाटलं, जमलं, पोरगी निघाली.

तेवढ्यात भिंतीपलीकडून त्याचाच आवाज आला.

"बा देवा सप्तकोटेश्वरा म्हाराजा! तुज्या देवळाक ठेंगणो घुमट आसा, समोर दीपमाळ आसा, कौलांचा उतरता छप्पर आसा. ह्या चित्र जेका दिसता तेचा बरा कर, आनी जेका दिसना नाय तेचा आदी कर रे म्हाराजा!"

आणि आवाज थांबला, जिथे थांबायचा तिथेच.

"व्हय म्हाराजा!" कमलाक्षी म्हणाली. "व्हय म्हाराजा!" बाबली म्हणाला, चिमूट तशीच धरून. साबण नेलेली बाई रस्त्यावरून म्हणाली. पदेर ख्रिस्तांव, पण जन्म कोरगावात गेलेला, तोही म्हणाला. आणि सगळ्यांत मोठ्याने म्हणाला स्वतः सखाराम.

मग सगळ्यांनी एकदम तोंडावर हात ठेवले. भिंतीपलीकडे टकटक बंद पडली होती.

विद्यापीठाचा निरोप आला: परीक्षेच्या वेळी खोलीत अनेक व्यक्तींचा आवाज आढळला, त्या उत्तरं सांगत असल्याचा संशय आहे, पेपर रद्द का करू नये, हे समितीसमोर येऊन सांगा. पेपर रद्द म्हणजे वर्ष गेलं, आणि बीएडचा प्रवेशही गेला. सेजलने मामाला दोष दिला नाही. "एकच हां" असं तीच म्हणाली होती, हे ती विसरली नव्हती. पण त्या दिवशी ती लॅपटॉप बंद करून बसली आणि कोळंबीच्या आरोग्याचा निरोप आला तरी हसली नाही. सखारामाला वाटलं, आपली जीभ कापून नारळाबरोबर देवाला ठेवावी.

पणजीला जाताना कदंबच्या सरकारी बसमध्ये तो एक शब्द बोलला नाही. ओळखीच्या कंडक्टरने म्हापशापर्यंत वाट पाहिली आणि मग सेजलला हळूच विचारलं, मामाक ताप आसा काय? तोंड मिटलेलं असलं तरी मनात सखाराम भलंमोठं भाषण रचत होता. त्यात पुनव होती, नार्वे होतं, मेव्हण्याचा ट्रक होता. समितीच्या दारात सेजलने त्याचं मनगट धरलं.

"मामा, एक शिटी."

आत लांब टेबलामागे अध्यक्ष प्रभावतीबाई बसल्या होत्या, कडक इस्त्रीच्या साडीत, चष्म्यावरून बघणाऱ्या. शेजारी हैदराबादहून नुकतेच आलेले एक प्राध्यापक आणि एक कारकून. बाजूला गौरेश लॅपटॉप घेऊन, बिचारा स्वतःच आरोपी असल्यासारखा. दाराशी शिपाई चहाचा ट्रे धरून उभा.

"बोला," प्रभावतीबाई सखारामाला म्हणाल्या.

सखारामाने तोंड उघडलं. ट्रक आला, पुनव आली, सगळं गळ्यापर्यंत आलं. मग तो म्हणाला, "पोरीन चोरी करूक नाय. तो आवाज माजो, चूक माजी." आणि खाली बसला. सेजलने इतकं छोटं वाक्य त्याच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं.

हैदराबादचे प्राध्यापक अभ्यासू होते. त्यांनी विचार केला होता. "चार-पाच वेगवेगळे आवाज आहेत," ते जपून मराठीत म्हणाले. "सगळे एकाच वेळी 'होय' म्हणतात. देवळाच्या चित्रावरच्या प्रश्नाला चार पर्याय होते. योग्य पर्याय आला की 'होय' म्हणायचं, अशी ही खूण असू शकते."

"सर, ती खूण नाही, ते आपोआप येतं," सेजल म्हणाली.

"आपोआप कसं येईल? लोक ठरवल्याशिवाय एका सुरात कसे बोलतील?"

ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायची गरज नसते, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांना कुठून सुरुवात करावी? प्रभावतीबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "ते मूळ वर्णन लावा. ऐकू तरी."

गौरेशने बटण दाबलं. परीक्षेत सेजलने घाईने मध्येच थांबवलेलं गाऱ्हाणं आता पूर्ण वाजणार होतं. सखारामाचा आवाज खोलीत घुमला. घुमट आला, दीपमाळ आली, छप्पर आलं, "...जेका दिसना नाय तेचा आदी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," शिपाई म्हणाला. ट्रेमधले कप वाजले. प्रभावतीबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो दाराच्या चौकटीत अर्धा घुसला.

"जी पोरा-चेडवां ह्या ऐकतत, तेंका खयच्या बटणार अडकवक नको, खयच्या सिग्नलार उभी करूक नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," कारकून म्हणाला आणि लगेच खोकला. गौरेशही म्हणाला. बटणं त्याचीच होती, त्याने जरा मनापासून म्हटलं.

"आनी जी मास्तर-बाई तेंचे पेपर तपासतली, तेंच्या हातांक यश दी, तेंच्या डोळ्यांक थंडाई दी, आनी काय चुकला-माकला आसात ता पोटात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हा आवाज सगळ्यांत मोठा होता आणि तो टेबलाच्या मधोमध आला होता. प्रभावतीबाईंचे हात जोडलेले होते. डोळे मिटलेले होते. मग त्यांनी एक डोळा उघडला, हात हळूच खाली घेतले आणि साडीचा पदर उगाच सारखा केला.

तेवढ्यात गौरेशचा लॅपटॉप टुणकन वाजला. सुनावणी त्याच प्रणालीवर रेकॉर्ड होत होती. पडद्यावर लाल खूण आली होती आणि यंत्र सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचत होतं, "खोलीत अनेक व्यक्ती उत्तरं सांगत आहेत. अध्यक्षांनी नोंद घ्यावी."

"माझं माहेर पेडणे महालातलं, धारगळचं," प्रभावतीबाई कुणाकडेही न बघता म्हणाल्या.

हैदराबादचे प्राध्यापक पेन खाली ठेवून एकेकाकडे पाहत होते. शिपायाकडे, कारकुनाकडे, बाईंकडे. मग ते गौरेशकडे झुकून हळूच म्हणाले, "प्रत्येक वेळी म्हणायचं असतं का?" गौरेशने मान हलवली. प्राध्यापकांनी घसा साफ केला आणि एकटेच, उशिरा, पण नीट म्हणाले, "होय महाराजा."

पेपर ग्राह्य धरला गेला. सूचनांमध्ये एक नवं वाक्य घालायचंही ठरलं, आणि ते आजही त्या विद्यापीठाच्या परीक्षेच्या पानावर आहे: चित्रवर्णनास घरातील व शेजारील व्यक्तींनी प्रतिसाद देऊ नये. सेजलने जाता जाता विचारून घेतलं की हे वाक्य यंत्राला वाचता येईल ना. गौरेश म्हणाला, वाचता येईल, मी स्वतः तपासेन.

परतीच्या बसमध्ये सेजल खिडकीपाशी बसली, सखाराम शेजारी. मांडवीचा पूल ओलांडला तरी तो गप्पच.

"मामा, बाईंनी काय केल्यानी? मी आवाज आयकलंय. दिसला कसा ता सांग."

"हात जोडल्यानी," सखाराम म्हणाला आणि थांबला.

"एवढाच?"

"शिटी झाली मगो."

सेजल हसली. त्या निरोपानंतर ती पहिल्यांदाच हसली होती. तिने चाचपडत त्याचं मनगट धरलं, मेव्हण्याच्या घड्याळावरच तिचा हात पडला. "कुकर घराकडे आसा, मामा. हय बस आसा, आनी कोरगाव लांब आसा. माका सगळां व्हया. साडयेचो रंग सांग, कप कसे वाजले ता सांग, तो हैदराबादवालो कसो बघी होतो ता सांग. काय एक सोडू नको."

सखारामाने तिच्याकडे पाहिलं. मग टोपी काढली, मांडीवर ठेवली, घसा खाकरला.

"बा देवा म्हाराजा," तो म्हणाला, आणि पुढच्या बाकावरच्या बाईने मान वळवली. "आज पणजीच्या एका खोलीत एक बाई बसली होती. साडी मोरपिशी, इस्त्री अशी की माशी बसली तर घसरात. त्या बाईन आमच्या चेडवाचो पेपर हातात घेतल्यान, आनी देवा, माजा काळीज असा धडधडला, की माका वाटला आता ह्या चेडू माजा कधी आयकूचा नाय. पण तू ह्या चेडवाक मास्तरीण कर, तेच्या वर्गात पोरा येवंदेत, आनी तेनी सांगलेला तेंका सगळा दिसांदे रे म्हाराजा!"

आणि तो थांबला. सवयीनेच थांबला, सेजल काही म्हणेल अशी आशा त्याने कधीच सोडली होती.

"व्हय म्हाराजा," सेजल म्हणाली.

मागून कंडक्टरही म्हणाला, पण तो तिकिटं फाडत होता, म्हणून जरा उशिरा.